पाळकसाहेबांचा डावा पाय

पवित्र गुरुवारच्या आदल्या दिवशी जुन्नरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बारा घरांत वजरीची शोधाशोध व्हायची. वर्षभर मोरीच्या कोपऱ्यात पडून असलेला तो काळा खरबरीत दगड त्या दिवशी एकदम मानकरी व्हायचा. कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब चर्चमध्ये बारा जणांचे पाय आपल्या हातांनी धुणार, आणि पाळकसाहेबांच्या हातात मळका पाय द्यायचा कसा?

गुरूने शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले, त्याची ही आठवण. जुन्नरच्या मंडळीने आठवण मनोभावे जपली होती, धूळ तेवढी वगळली होती. टाचा घासून गुलाबी केलेल्या, नखं कापलेली, बोटांना खोबरेल. मंडळीचे सेक्रेटरी हौशीराम, ज्यांची मंचरला कांदा-बटाट्याची आडत होती, ते तर पायांना पावडर लावून नवे मोजे घालून यायचे. बारांत त्यांचा नंबर कायमचा पहिला. विधी आटोपल्यावर परातीतलं पाणी जास्वंदीला घालताना मोहिनीबाई म्हणायच्या, "यात डाळ शिजवली तरी कोणाला कळायचं नाही. वास तेवढा पावडरीचा येईल."

मोहिनीबाई म्हणजे पाळकीणबाई. नवऱ्याच्या हुद्द्याने बायकोला नाव मिळतं, तसं त्यांना मिळालं होतं. ते त्यांनी तीस वर्षं अंगावर चांगलं वागवलं होतं, जरा ढगळ होत असलं तरी.

शांतवन पाळकांची नम्रता जुन्नरपासून मंचरपर्यंत नावाजलेली होती. कोणी त्यांची पिशवी धरायला पुढे झालं की ते हळूच काढून घ्यायचे. लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचे आणि उष्टं ताट स्वतः उचलायचे. घरीही तेच. आपला चहा आपण करायचे, आपले कपडे आपण धुवायचे. बायका मोहिनीबाईंना म्हणायच्या, "नशीब काढलंत हो!" त्याही हो म्हणायच्या. खोटं कशाला बोला, ऐकायला बरं वाटायचं. पण तीस वर्षांत ह्या माणसाने आपल्याकडे कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नाही, ह्याला नशीब म्हणायचं की आणखी काही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. एकदा तापाने फणफणलेले असताना पाळक भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आले, स्वतः पेज शिजवली, आणि वर बायकोलाच विचारलं, "तुला देऊ का थोडी?"

मोहिनीबाईंनी त्या दिवशी पातेलं इतक्या जोरात आपटलं की त्याचा पोचा अजून गेलेला नाही. त्यांच्या नवऱ्याच्या नम्रतेत दुसऱ्या माणसाला टेकायला जागाच नव्हती.

फेब्रुवारीत तळेघरहून निरोप आला, कुशाबाची बायको आजारी आहे. कुशाबा मंडळीतला नव्हता. डोंगरावर भात-नाचणी करणारं त्याचं घर, देव त्यांचा भीमाशंकर. पण त्याचा गोकुळ लहानपणी पाळकांच्या देखरेखीखालच्या होस्टेलात राहून शिकला होता, तेव्हापासूनचा घरोबा. पाळक नवे बूट घालून गेले, आजारी बाईशेजारी बसले, प्रार्थना केली. निघायला उशीर झाला आणि एसटी गेली.

गोकुळने मोटरसायकल काढली. "बसा मागं, फाट्यापर्यंत सोडतो."

"कशाला पेट्रोल जाळतोस? चालत जातो मी."

"अवो, पाळकसायेब, ऊन बघा की!" कुशाबाही म्हणाला. "लोक काय म्हंतील, पावण्याला तंगडतोड करायला लावली."

पाळक हसले, हात जोडले आणि निघाले. गोकुळ बिचारा बऱ्याच लांबपर्यंत मोटरसायकल ढकलत त्यांच्यामागून चालला होता म्हणे.

घरी आल्यावर मोहिनीबाईंनी दारातला डावा बूट उचलून झटकला, तर आतून हरभऱ्याएवढा खडा टणकन फरशीवर पडला. मोजा करंगळीच्या बाजूने लालभडक.

"अहो, हे काय?"

"काय?"

"बुटात खडा होता."

"असेल."

"टोचला नाही?"

"छे. मला काही दुखत नाही."

आणि ते खरंच होतं. साखरेच्या दुखण्याला बरीच वर्षं झाली होती आणि त्याने पायाची जाणच नेली होती. नारायणगावच्या डॉक्टरांनी तळव्याला पेनाचं टोक टोचत विचारलं, "कळतंय का?" पाळक नम्रपणे म्हणाले, "तुम्ही टोचलंत की सांगतो." डॉक्टरांचं तोवर चार ठिकाणी टोचून झालं होतं. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि मोहिनीबाईंकडे पाहून बोलायला लागले.

"ज्याचं दुखतं ना, त्याची मला काळजी नसते. तो धावत येतो. ह्यांच्यासारख्यांची भीती वाटते. ह्या पायावर भार द्यायचा नाही. गुडघे टेकून बसणं तर अजिबात नाही, उठताना सगळा जोर बोटांवर येतो. जखम हाडापर्यंत गेली तर मग पाय कुठून कापायचा, एवढंच ठरवायचं उरेल."

एसटीत बसल्यावर पाळक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे कोणाला बोलू नकोस."

"का?"

"लोक धावून येतील. डबे आणतील, चौकशा करतील. आपण मंडळीची सेवा करायला आलोय मोहिनी, करून घ्यायला नाही."

तेव्हापासून रोज सकाळी खिडकीचा पडदा ओढून मोहिनीबाई जखम धुवायच्या. मेडिकलमधून सलाईनच्या पाण्याची बाटली आणायची, पट्टी बदलायची, वर मोजा चढवायचा. तेवढा वेळ पाळक तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसायचे. त्यांनी ती जखम एकदाही पाहिली नाही. पट्टी तेवढी ते बायकोकडून करून घेत, कारण स्वतःच्या करंगळीपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. पोचला असता तर तेही त्यांनीच केलं असतं. जखम कधी कोरडी वाटायची, कधी पुन्हा ओली. पाळक मात्र सगळीकडे पहिल्यासारखेच हिंडत होते.

त्याच सुमाराला मंडळीत तेजस्विनी होती. मंचरकडची मुलगी, धर्मशिक्षण पुरं करून वर्षभराच्या उमेदवारीवर आलेली. ईस्टरनंतर पंचांच्या सभेत पाळकांनी आपलं मत द्यायचं होतं, की हिच्या हाती मंडळी सोपवण्याजोगी आहे की नाही. पाळकांचं मत जवळजवळ ठरलं होतं, आणि ते काही बरं नव्हतं.

कारण तेजस्विनी उशिरा यायची. स्कूटीवरून उतरायची ती हेल्मेटमध्ये केस अडकलेल्या अवस्थेत, किल्ली शोधत. कोणीही चहा दिला की पिऊन टाकायची, कोणी पिशवी धरली की खुशाल धरू द्यायची. उपदेश लिहिताना अडली की मोहिनीबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन फतकल मारायची, "पाळकीणबाई, मला हे जमत नाहीये. तुम्ही काय सांगाल ह्यावर?" आणि एका रविवारी तर कहर झाला. सगळ्यांपुढे प्रार्थना करता करता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "पुढचं मला सुचत नाहीये. कोणीतरी पुरी करा."

चर्चमध्ये असा सन्नाटा पडला की बाहेरच्या टेम्पोचं रिव्हर्सचं गाणं सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग मागच्या बाकावरून अंजना उभी राहिली. नवरा गेल्यापासून जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, ती अंजना. चाचरत दोन वाक्यं बोलली आणि बसली. तिच्या शेजारणीने तिसरं वाक्य जोडलं.

घरी आल्यावर पाळक म्हणाले, "प्रार्थना अशी अर्धी टाकतात का कोणी?"

मोहिनीबाई पोळ्या लाटत होत्या. "अंजना बोलली आज."

"ते ठीक आहे. पण पुढे उभं राहणाऱ्याला सुचायला नको? मुलगी मनाची चांगली आहे, पण नम्रता अजून मुरलेली नाही."

मोहिनीबाईंच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. त्यांनी ते पोळीसारखं उलटलं आणि तव्यावरच ठेवलं.

पवित्र आठवडा लागला. बुधवारी सकाळी पट्टी सोडली तर जखमेचा रंग मोहिनीबाईंना आवडला नाही.

"उद्या बसून सांगा लोकांना, की ह्या वर्षी गुडघे टेकवत नाहीत," त्या म्हणाल्या. "काय होईल? जग बुडेल?"

"वीस वर्षं एकदाही चुकलेलं नाही."

"मग तेजस्विनीला धुवू द्या. नाहीतर निदान तांब्या धरू द्या."

"आजवर तांब्या कोणी धरलाय का?"

"कोणाला धरू दिलाय का?"

पाळकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मला काही दुखत नाही, मोहिनी."

"ठाऊक आहे," मोहिनीबाई म्हणाल्या. "तेच तर रडगाणं आहे."

गुरुवारी चर्चला जाताना त्यांनी पर्समध्ये स्तोत्रांच्या पुस्तकाऐवजी सलाईनची बाटली, कापूस आणि पट्टीचं भेंडोळं कोंबलं. देवाला गाणी पाठ असतील, असा त्यांनी विचार केला.

ऊन उतरलं होतं. शहाबादी फरशीवर बारा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीत हौशीराम, परीटघडीची पँट घोट्याच्या वर दुमडून. मधल्या एका खुर्चीत प्रयागबाई. वयाची ऐंशी गाठत आलेली म्हातारी, बारांत यंदा पहिल्यांदाच आलेली, आणि त्या आनंदात सकाळपासून भेटेल त्याला आपले पाय दाखवत सुटलेली. पेटीवाल्याने सूर धरला. तेजस्विनी नेहमीप्रमाणे दुसऱ्या कडव्याला आत आली आणि मागच्या बाकावर टेकली.

पाळकांनी पांढऱ्या झग्यावर कमरेला पंचा बांधला. पितळी परात उचलली, तांब्या उचलला, हौशीरामांपुढे गुडघे टेकले. पाणी ओतलं, पाय चोळले, पुसले. उठले. पुढच्या खुर्चीपुढे पुन्हा गुडघे. पुन्हा उठले. चपला-बूट सगळ्यांचेच दाराबाहेर, त्यामुळे पाळक मोज्यांवर. मोहिनीबाई पहिल्या बाकावरून त्या मोज्यांकडे बघत होत्या. प्रत्येक उठण्याला डावं पाऊल चवड्यावर वाकत होतं.

चार-पाच जण झाले तेव्हा त्यांना ते दिसलं. सांडलेल्या पाण्यात फरशीवर ओली पावलं उमटत होती. त्यातलं डावं गुलाबी होतं.

त्या अर्ध्या उठल्या. पाळकांनी मान वर करून बघितलं. त्या नजरेत इतकं काकुळतीचं 'नको' होतं की मोहिनीबाई खाली बसल्या. तीस वर्षांत ह्या माणसाने आपल्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती म्हणजे गप्प बसणं.

मग प्रयागबाईची पाळी आली. पाळकांनी तिचे सुकलेल्या शेंगेसारखे पाय धुतले, पंच्याने पुसले. उठण्यासाठी खुर्चीच्या कडेला हात टेकला. उठले नाहीत. पुन्हा पंचा घेतला आणि पुसलेलेच पाय परत पुसायला लागले.

पेटीवाल्याने कडवं संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. पाळक पुसतच होते. कडवं पुन्हा संपलं.

"पाळकसायेब," प्रयागबाई म्हणाली. तिचं हळू बोलणंही वेशीपर्यंत जायचं. "किती पुसताय वो? कातडं निघंल माजं."

दोन-चार जण हसले. पाळकही हसल्यासारखं करून परत रेटा देऊन बघते झाले. झगा थरथरला, माणूस जागचा हलला नाही. म्हातारी वाकली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आरं द्येवा. उठवंना व्हय?"

हसू थांबलं. पेटीही थांबली. एवढी मंडळी, त्यात दणकट बाप्ये, पण एक माणूस जागचा उठेना. वीस वर्षं ज्याने कोणाला पिशवी धरू दिली नाही, त्याच्या काखेत हात घालायचा कोणी? सगळे आपापल्या स्वच्छ पायांकडे बघत बसले.

मागून तेजस्विनी आली. तिने त्यांना हातही लावला नाही. सरळ ओल्या फरशीवर परातीच्या पलीकडे मांडी घालून बसली.

"काय करू, पाळकसाहेब?"

"काही नाही. जागेवर जा."

"बरं," ती म्हणाली, पण गेली नाही. "जरा बसते इथंच. मलाही काही सुचत नाहीये."

मोहिनीबाईंनी डोळे मिटले. पाय वाचव, असं मागणं त्यांच्या मनात आलंच नाही. देवा, त्या म्हणाल्या, ह्या माणसाच्या तोंडून एक शब्द बाहेर काढ. फक्त एक. बाकीचं मी बघते.

वरचा पंखा कुरकुरत होता. पाळक परातीतल्या पाण्याकडे बघत होते. पाणी नितळ होतं, त्यात पंखा दिसत होता आणि त्यांचं स्वतःचं तोंड. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले.

"काय म्हनत्यात?" प्रयागबाई ओरडली.

पाळकांनी मान वर केली. आणि उपदेशाच्या वेळी शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज, त्याच आवाजात म्हणाले, "मला उठता येत नाहीये. मला उठवा."

तेजस्विनी उठून त्यांच्या मागे गेली, काखेत हात घातले, दम धरून ओढलं. पाळक भारी होते. वीतभर उचलले गेले आणि परत बसले.

"मला एकटीला नाही जमणार," तिने बिनदिक्कत जाहीर केलं. "हौशीरामकाका, या की! बघताय काय?"

हौशीराम दुमडलेल्या पँटीनिशी धावले, ओल्या फरशीवर घसरले, सावरले. "सरका, सरका, मी धरतो. गोण्या उचललेला माणूस हाय मी!" मग अंजना आली, पेटीवाला आला. कोणाचा हात कुठे होता ते कळत नव्हतं, पण पाळक उचलले गेले. प्रयागबाईने स्वतःची खुर्ची रिकामी केली आणि फडक्याने झटकली. "बसा हितं. खुर्ची गरम हाय अजून."

डावा मोजा मोहिनीबाईंनीच काढला. बघणाऱ्या सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज झाला.

"आन् सांगितलं न्हाई कुनाला?" हौशीराम म्हणाले. त्यांना राग आला होता, आणि त्या रागाने त्यांचे डोळे भरले होते. "आमी काय परके व्हतो?"

"आमचे पाय तर आमी घरी दोनदोनदा घासून आलो," प्रयागबाई म्हणाली. "धुवायजोगा पाय ह्यो एकच हाय सगळ्यांत. धू गं पोरी."

तेजस्विनीने तांब्या परातीत बुडवला.

"त्या पाण्याने नको!" मोहिनीबाई ओरडल्या. "पावडर आहे त्यात." हौशीरामांनी खाली बघितलं. मोहिनीबाईंनी पर्समधून बाटली, कापूस, पट्टी असा सगळा दवाखाना बाहेर काढला, तेव्हा मंडळीला आणखी एक धक्का बसला.

"पाळकीणबाई, मला रक्त बघवत नाही," तेजस्विनी हळूच म्हणाली. तिचा चेहरा खरोखरच पांढरा पडला होता. "तुम्ही सांगा तसं करते. अर्धे डोळे मिटून चालेल का?"

"उघडे ठेव," पाळक म्हणाले. "मीही आज पहिल्यांदाच बघतोय."

आणि ते बघत राहिले. समोर वर्तमानपत्र नव्हतं. तेजस्विनी पाणी सोडत होती, मोहिनीबाई सांगत होत्या, हळू, कडेने, आता कापूस. पाळकांचा पाय सवयीने मागे जायला लागला. तोवर हौशीरामांनी परीटघडीच्या पँटीसकट फरशीवर बसकण मारून टाच तळहातावर घेतली होती.

"वडू नका पाय. सगळा भार सोडा माज्या हातावर. सोडा बिनघोर."

पाळकांनी भार सोडला. मोहिनीबाईंना ते दिसलं. आधी पाऊल सैल झालं, मग गुडघा, मग खांदे. मग त्यांच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला, तर पंचा प्रयागबाईकडे होता, आणि तिने पुसायला सुरुवातही केली होती.

पट्टी झाली. पाच-सहा जणांचे पाय धुवायचे राहिलेच होते. आता त्यांचं काय, असं कोणीतरी विचारलं. तोवर अंजनाने परातीतलं पाणी बदलून आणलं होतं, आणि बायका एकमेकींपुढे बसायलाही लागल्या होत्या. नवरा-बायकोंनी एकमेकांचे धुतले, तेव्हा बरीच कुजबुज आणि खूप हसू झालं. हौशीरामांनी पेटीवाल्याचे धुतले. तो घरून वजरी लावून आलेला नव्हता, त्याचा बारांत नंबरच नव्हता. परातीतलं पाणी वीस वर्षांत पहिल्यांदा गढूळ झालं.

पाळकांना नारायणगावला नेलं ते हौशीरामांच्या पिकअपमधून. पुढच्या सीटवर पाय लांब करून, मागे रिकाम्या गोण्या. डॉक्टर मोहिनीबाईंवर रागावले, मग पाळकांवर रागावले, आणि कामाला लागले. करंगळी गेली. पाय राहिला. "आणखी आठवडा गेला असता तर मी असं बोलत बसलो नसतो," ते म्हणाले. देवाने करंगळीएवढी दक्षिणा घेतली आणि उरलेला माणूस परत दिला, असा हिशेब मोहिनीबाईंनी आपल्यापुरता केला, आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून मनसोक्त रडून घेतलं.

ईस्टर दवाखान्यातच झाला. पंचांची सभाही खाटेभोवतीच भरली, कोणी स्टुलावर, कोणी उभं. हौशीरामांनी घसा साफ केला.

"तर त्या पोरीबद्दल तुमचं मत द्यायचं व्हतं."

"देतो," पाळक म्हणाले. "त्या गुरुवारी तिला एकटीला मला उचलवत नव्हतं. तिने काय केलं?"

"मला हाक मारली."

"तिच्या जागी मी असतो तर पाठ मोडून घेतली असती, हाक मारली नसती. आणि तुम्ही सगळे आपापल्या जाग्यावर नुसते चांगले बसून राहिला असता. वीस वर्षं मी तुम्हाला तेच शिकवलं. मंडळी तिच्याकडे द्या. लागेल तिथे मी आहे, खुर्चीत बसून."

"पर ती उशिरा येती," हौशीराम म्हणाले. विरोध सोडायचा तर काहीतरी हातात ठेवावं लागतं.

"येते ना?"

"येती."

"मग झालं."

मे महिन्यात पाळक घरी आले. मोहिनीबाईंच्या घराला तेव्हापासून धर्मशाळेची कळा आली. पट्टी करायला अंजना सकाळी यायची. पडदे उघडे, आणि पाळक पाय पुढे करून बसलेले. तेजस्विनी उपदेश घेऊन यायची आणि दोघं त्यावर भांडायची. प्रयागबाई नुसतीच यायची. मढपासून मंचरपर्यंतच्या लोकांचे डबे यायचे, आणि एकाही बाईने आपला डबा वेळेत परत नेला नाही, त्यामुळे ओट्यावर भांड्यांची जत्रा. कुशाबाने तळेघरहून तांदूळ आणला. त्याची बायको आता हिंडतीफिरती झाली होती. गोकुळने दारातच मोटरसायकल लावली आणि विचारलं, "पाळकसायेब, आता तरी बसाल का मागं?"

"बसेन. पण हळू चालव."

"फेब्रुवारीतच बसला असता तर आमचं पेट्रोल वाचलं असतं," गोकुळ म्हणाला. "किती येळा दवाखान्यात आलो म्या."

सगळे गेले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मोहिनीबाई स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं जुळवत उभ्या होत्या. कोणतं कोणाचं, ते त्या झाकणांनाही ठाऊक नसावं. बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"मोहिनी."

"ओ."

"चहा देतेस का?"

त्यांच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. हे वाक्य त्यांनी इतर घरांत, इतर बायकांना म्हटलेलं, हजारदा ऐकलं होतं. बायका त्यावर कशा करवादायच्या तेही ऐकलं होतं. त्यांनी दुधाचं पातेलं तिरकं करून बघितलं. आल्यागेल्याने तळ गाठला होता. होतं तेवढं दूध, बरंचसं पाणी, आलं ठेचून, साखर अर्थातच नाही. कप-बशी घेऊन त्या बाहेर गेल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

पाळकांनी बशीत ओतून एक घोट घेतला. दुसरा घेतला. बशी खाली ठेवली आणि बायकोकडे बघून, जरा भीतभीतच म्हणाले, "पाणचट झालाय गं."

तीस वर्षांत ह्या घरात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या चहाला नाव ठेवलं होतं. मोहिनीबाईंनी कप उचलला. आत जाऊन त्यांनी पदराने डोळे टिपले, देवाचे उपकार मानले, आणि शेजारच्या घरी दूध मागायला निघाल्या.